दाते का झडतात

रिमोटची गाडी दोन प्रकारे बंद पडते. एक गप्प, दुसरी बोंबलत. गप्प पडली तर बॅटरी, वायर नाहीतर रिसीव्हर बघायचा. बोंबलत पडली, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर मोटर किंचाळते, आतून 'घर्रर्र' येतं आणि गाडी जागची हलत नाही, तर पोरं एका शब्दात निदान करतात : "दाते गेले." बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण दाते का गेले, हे कोणी विचारत नाही. नवा गिअर बसतो आणि तीन रविवारांत तोही जातो.

मी बदलापूरला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी अशा गाड्या उघडतो. जत्रेतल्या दोनशे रुपयांच्या गाड्या नव्हेत. ज्यांचा प्रत्येक स्क्रू, बेअरिंग आणि गिअर सुटा मिळतो, त्या 'हॉबी ग्रेड' गाड्या. जपानच्या टामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ चं रिमोटवर चालणारं मॉडेल काढलं, तेव्हापासून 'स्वतः जोड, मोडली तर स्वतः दुरुस्त कर' हा या छंदाचा धर्म झाला. आमच्या पट्ट्याला तो शोभतोही. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलेलं उल्हासनगर हे कशाचीही नक्कल करून दाखवणारं गाव. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथे सगळ्यांना पाठ आहे. पुढे अंबरनाथला आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. त्यामुळे इमारतीत एखादे तरी काका असे निघतात, ज्यांनी उभा जन्म लेथवर काढलाय. आणि बदलापूरला गाडी पळवायला प्लॉट आहेत. लेआउट पडलाय, मुरूम अंथरलाय, बिल्डिंग अजून उठायची आहे.

मागच्या मे महिन्यात अंबरनाथचा नववीतला एक मुलगा कापडी पिशवीत गाडी घेऊन आला. एक दशांश आकाराचा ट्रक, सेकंडहँड, सहा हजारांचा. मोठा भाऊ एमआयडीसीत रात्रपाळी करतो, त्याने ओव्हरटाइमच्या पैशातून घेऊन दिलेला. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा दाते गेले होते. एका दुकानदाराने सांगितलं होतं, अख्खा गिअरबॉक्स बदल आणि मेटल गिअर टाक, चार हजार होतील. मुलाने वेगळाच मार्ग काढला होता. गाडी येईल त्या भावात विकायची आणि भावाला सांगायचं की चोरीला गेली.

"दादा, किती येतील हिचे?" त्याने विचारलं.

"आधी उघडू तर दे," मी म्हणालो.

मोटरच्या शाफ्टवर बसतो तो छोटा गिअर पिनियन. तो ज्या मोठ्या प्लास्टिकच्या गिअरला फिरवतो, तो स्पर. झडतात ते बहुधा स्परचे दाते, पण कसे झडलेत ते वाचता आलं पाहिजे. एकाच जागचे तीन-चार दाते मुळापासून उडाले असतील तर धक्का बसलाय, किंवा मुरमाचा खडा आत गेलाय. सगळे दाते सारखेच झिजून टोकदार झाले असतील, तर दोन गिअरमधला खेळ जास्त आहे किंवा दात्यांचं माप जुळत नाही. प्लास्टिक वितळून चकाकत असेल, तर कुठेतरी घर्षणाची उष्णता आहे.

माप तपासणं अवघड नाही. व्हर्नियरने गिअरचा बाहेरचा व्यास मोजा, दाते मोजा, त्यात दोन मिळवा आणि व्यासाला त्या आकड्याने भागा. ५४ दात्यांचा स्पर ४४.८ मिलिमीटर भरला, तर ४४.८ भागिले ५६ म्हणजे ०.८. हे त्याचं मॉड्यूल. पिनियनचंही तेवढंच यायला हवं. अमेरिकी मापातला ३२ पिच म्हणजे जवळजवळ हेच, ०.७९. पण ४८ पिच म्हणजे ०.५३. त्याच्यासमोर ०.६ चा पिनियन लावला तर डोळ्यांना जुळल्यासारखा दिसतो आणि स्पर खाऊन टाकतो.

खेळ तपासायला वहीच्या कागदाची पट्टी पुरते. दोन गिअरच्या मध्ये ती घालायची, मोटर हलकेच स्परकडे दाबून स्क्रू कसायचे आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. कागदावर नागमोडी घडी उमटली, पण तो फाटला नाही, की जमलं.

या गाडीत दोन्ही ठीक होतं. एकाच जागचे चार दाते उडाले होते. मी मागची चाकं घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने स्पर फिरवून पाहिला. तसूभर हलला नाही. तिथे उत्तर मिळालं.

स्परच्या पोटात स्लिपर क्लच असतो : घर्षणाच्या चकत्या, एक स्प्रिंग आणि तिला दाबणारा एक नट. गाडी उडी मारून खाली येते तेव्हा चाकं हवेत वेगाने फिरत असतात आणि जमिनीला टेकताच एकदम अडतात. मोटर मात्र फिरायचं सोडत नाही. तो धक्का क्लचने थोडं घसरून गिळायचा असतो. या गाडीत कोणीतरी नट शेवटपर्यंत आवळून ठेवला होता. क्लच घसरेना, म्हणून प्रत्येक उडीचा हिशोब दाते चुकते करत होते.

वरच्या मजल्यावरच्या काकांना हाक मारली. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गिअर कापण्यात हयात गेलेली. मला वाटलं होतं, ते पितळेचा गिअर बनवून देतो म्हणतील. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, तुटका स्पर बोटांत फिरवला आणि म्हणाले, "अरे, हा प्लास्टिकचाच राहू दे. धातूचा केलास तर हा तुटणार नाही, पण धक्का पुढे जाईल. डिफरन्शियल जाईल, नाहीतर शाफ्ट वाकेल. मशीनमध्ये एक भाग मुद्दाम कमजोर ठेवतात, बाकीचं मशीन वाचावं म्हणून. आणि तो तुटण्याच्या आधी घसरणारा एक ठेवतात."

बसवला तो अडीचशे रुपयांचा प्लास्टिकचाच स्पर. नट स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत कसला आणि मग पाव फेरा उलटा सोडला. साधारण पाव ते अर्धा फेरा, यापलीकडे सोडू नये. जास्त ढिला ठेवला तर क्लच सतत घसरतो, तापतो आणि स्परच वितळवतो. चालवून बघायचं : जोरात सुटताना पहिले एक-दोन फूट घसरल्याचा बारीक आवाज यावा, मग पकड यावी. आणि गाडी हवेत असताना ट्रिगर सोडायचा. निम्मे दाते तेवढ्यानेच वाचतात.

मुलगा ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "दादा, नट दादानेच आवळलेला. माझा दादा. म्हणाला, ढिला आहे, म्हणून पिकअप नाही."

आता मला कळलं, चोरीची गोष्ट का रचली होती. तीन गिअरचे पैसे वाचवणं हे निमित्त होतं. ज्याने रात्री जागून गाडी आणली, त्याच्याच हाताने ती मोडत होती, आणि हे त्याला सांगायचं कसं, हा खरा पेच होता.

मी त्याला तुटका स्पर परत दिला. म्हटलं, "हा दादाला दाखव. आणि सांग, नट ढिला नव्हता, तो तसाच असतो."

पुढच्या रविवारी प्लॉटवर दोघे आले. भाऊ रात्रपाळी उतरून थेट आला होता, डोळे लाल. त्याने ॲलन की मागितली, नट स्वतः सोडून पुन्हा कसला आणि पाव फेरा मागे घेतला. "कंपनीत पण असंच आहे," तो म्हणाला, "प्रेसच्या क्लचला कोण हात लावत नाही. घरी मात्र आपण सगळं आवळतो." मग धाकट्याच्या हातात रिमोट दिला आणि कट्ट्यावर बसल्या बसल्या झोपला.

आपल्याकडे 'घट्ट' हा कौतुकाचा शब्द आहे. नट घट्ट, मूठ घट्ट, माणूस घट्ट. ढिलं म्हणजे बिघडलेलं. पण पाव फेरा मागे घेतलेला नट ढिला नसतो, मापात असतो. तुमच्या गाडीचे दाते वारंवार झडत असतील, तर मेटल गिअरच्या किमती शोधण्याआधी मागची चाकं धरा आणि स्पर फिरवून बघा. जोर लावल्यावर तो किंचित सरकला पाहिजे.