भुकेचं देणं

आमच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात कुणाला साखर झाली म्हटलं की लोक आधी त्याच्या पोटाकडं बघतात. ढेरी दिसली तर मान डोलावतात, नाही दिसली तर विश्वास ठेवत नाहीत. मी जन्मापासून काटकुळा. त्यामुळं गावातली आशाताई घरोघर माहिती भरत आमच्या ओसरीवर आली, तेव्हा मी म्हणालो, "ताई, माझं ऱ्हाऊ द्या, फुडच्या घरी जावा." तिनं माझ्या कमरेभोवती टेप धरला, तंबाखूचं विचारलं, घरात कुणाला होती का ते विचारलं. म्हणाली, "गुरुजी, वाळक्या माणसाला बी धरतीय ती. सकाळी काही न खाता उपकेंद्रात या."

उपाशीपोटी साखर निघाली 188. ती 126 च्या पुढं गेली की मधुमेह धरतात. लातूरला जाऊन तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली, तीही वाढलेलीच. मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाली, जेवणानंतर घ्यायची.

डॉक्टरांनी औषध दिलं, पण त्या औषधासोबत जगायचं कसं ते ताईनं शिकवलं. तिच्या वडलांचा पाय याच आजारानं गेला होता. रानात अनवाणी चालताना बाभळीचा काटा रुतला, तळपाय बधिर असल्यानं कळला नाही आणि कळेपर्यंत जखम हाडापर्यंत गेली. म्हणून ती कधीही घरी आली की रक्तातल्या आकड्याआधी माझे पाय बघते. रोज रात्री कंदिलाच्या काळापासून घरात असलेला हातआरसा जमिनीवर ठेवून त्यावर तळवा धरायचा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, चप्पल घालायच्या आधी ती झटकायची, हे सगळं तिनं एकदा बसून करून दाखवलं. बोटातून रक्त घेताना सुई मधोमध टोचायची नाही, कडेला टोचायची, तिथं कमी दुखतं, हेही तिनंच सांगितलं.

जेवणाचं मात्र तिनं फार अवडंबर केलं नाही. ज्वारीची भाकरी आमच्या हाडात आहे, ती सोडायला कोण सांगणार? फक्त ताट उलटं फिरवलं. आधी शेपू नाहीतर चुका, मग वरण, मग भाकरी, आणि तीही मोजकी. लोकांना वाटतं भाकरीनं साखर चढतच नाही. चढते, पोटभर खाल्ली की चढतेच. चहातली साखर गेली तसा गूळही गेला. "गुळाचा चालतो" असं सांगणारे पावणे गावोगाव आहेत, त्यांच्यापासून जपावं लागतं.

येळवशीचा दिवस अवघड गेला. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं घर बंद करून सगळे रानात जातात. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील आणि गव्हाची गुळातली खीर. वाढणाऱ्या भावजयीनं माझ्यापुढं येऊन हात आखडला तसं डोळ्यात पाणी आलं. तेवढ्यात शेजारच्या रानातून जेवायला आलेली ताई म्हणाली, "वहिनी, वाढा की चमचाभर. भज्जी जास्ती घाला, उंडा एकच. आन् गुरुजी, जेवल्यावर बांधाबांधानं फिरून या." मी फिरून आलो. आजारी माणूस पंगतीतून उठवायचा नसतो, हे तिला कुणी शिकवलं असेल?

पण मलाच का, हा प्रश्न काही जाईना. त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल वाचलं तेव्हा मिळालं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढं त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मताना वजनानं कमी, हातापायानं बारीक, पण अंगात चरबी मात्र राखलेली. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा फोटो छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखंच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. बाहेरून बारीक, आतून नाही. पोटात असताना उपासमार सोसलेल्या देहाला पुढं पोटभर मिळालं की ते पेलत नाही, असं या अभ्यासाचं सांगणं आहे.

माझा जन्म 1973 चा. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, आमचा निलंगा तालुका उस्मानाबादेत होता. बहात्तरच्या दुष्काळात माय मला पोटात घेऊन खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळायची, घरी अमेरिकेचा तांबडा मिलो. त्यातलंही ती आधी थोरल्या भावंडांना घालायची. हे ती सांगायची तेव्हा मी नुसतं ऐकून घ्यायचो. आता कळतं की तिच्या त्या भुकेचा हिशेब माझ्या रक्तात आहे. तिचा राग येत नाही. तेवढ्या अन्नावर तिनं मला जिवंत बाहेर आणलं, याचंच नवल वाटतं. मधुमेह माझ्या वाट्याला आला असेल, पण त्याआधी जन्म आला, तो तिनं दिला.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे. याज्ञिकांच्या अभ्यासात पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्या बायांची बाळं जन्मताना चांगली भरलेली निघाली. म्हणून घरामागं मेथी आणि पालक लावलाय, दुधाचा रतीब वाढवलाय. ताई दर खेपेला तिचं वजन, रक्त, साखर कार्डावर लिहून घेते. या बाईला कामामागं मोबदला मिळतो, तोही कधी वेळेवर नाही; मानधनासाठी राज्यातल्या आशा मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. त्यांना पक्का पगार मिळायलाच हवा, मी ग्रामसभेतही ते बोललोय. परवा लेकीनं सकाळची जेवायची वेळ चुकवली तर ताईनं तिला नाही, मलाच दटावलं, "गुरुजी, पोरगी उपाशी बसली आन् तुमी का करालाव?" मी उठून चुलीपाशी गेलो.