उथळ पाण्याचा खळखळाट

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आम्ही लहानपणापासून वाचाळ माणसांच्या तोंडावर फेकीत आलों आहों. ओढ्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं मात्र ह्या खळखळाटालाच मानाचें पान दिलें आहे. गोट्यांवरून उड्या घेत जाणाऱ्या पाण्यांत हवा मिसळते, त्याच गोट्यांच्या सांदींत नाना कीटकांच्या अळ्या वाढतात, आणि त्या अळ्यांवर मासे जगतात. शांत, गंभीर डोहालाही आपलें महत्त्व आहेच. पण ओढ्याचा संसार बव्हंशीं ह्या वाचाळ भागाच्या जिवावर चालतो.

अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेनें १९८९ सालीं काढलेली व १९९९ सालीं सुधारलेली एक पुस्तिका नुकतीच आमच्या वाचनांत आली. पायीं उतरतां येईल अशा ओढ्यांची व नद्यांची परीक्षा कशी करावी, हा तिचा विषय. बाटली भरून प्रयोगशाळेंत नेली म्हणजे पाण्यांतील रसायनें कळतात हें खरें. पण बाटलींतलें पाणी त्या घटकेचें. पहाटे सोडलेली घाण दुपारपर्यंत वाहून गेलेली असते. शिवाय पाणी निर्मळ असूनही ओढा निर्जीव असूं शकतो. राहावयास घरच नसेल तर नुसती हवा चांगली असून काय उपयोग?

म्हणून परीक्षकानें, उदाहरणार्थ, १०० मीटर लांबीचा तुकडा घ्यावा, तो चालून पाहावा, आणि दहा गोष्टींना प्रत्येकीं २० पैकीं गुण द्यावेत. गोटे बारीक गाळांत चौथाईच्या आंत रुतले असतील तर उत्तम. तीन-चतुर्थांशाहून अधिक रुतले तर नापास, कारण सांदी बुजली कीं अळीचें घर गेलें. पाणी कोठें खोल, कोठें उथळ, कोठें संथ, कोठें वेगवान, अशा चारही तऱ्हा हव्यात. पात्र माणसानें सरळ केलें आहे काय, कांठ ढांसळतात काय, कांठची झाडी किती रुंद आहे, हेंही पाहावयाचें. ही झाडी १८ मीटरांहून रुंद असली तर वरची श्रेणी. डाव्या व उजव्या कांठाला निरनिराळे गुण!

जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्यामुळें आमच्या मनांत शंका आली, कीं डोळ्यानें दिलेले हे गुण कितपत विश्वासार्ह? एकाच निबंधाला दोन परीक्षक किती भिन्न गुण देतात हें आम्ही जाणतों. ग्रंथकारांनाही ती जाणीव आहे. शक्य तर दोघांनीं मिळून एकमतानें गुण द्यावेत, असें ते सुचवितात. ह्याहून चतुर युक्ति वोल्मन नांवाच्या भूशास्त्रज्ञानें १९५४ सालीं सांगितली होती. ओढ्यांत पावलें टाकीत जावें, नजर दुसरीकडे फिरवून बुटाच्या टोकाशीं बोटाला प्रथम लागेल तोच गोटा उचलावा, मोजावा, आणि असे शंभर मोजावेत. डोळा मोकळा ठेवला तर तो देखण्या गोट्याकडे धांवतो. मनुष्यस्वभावाची ही पारख आम्हांला फार आवडली.

हें वाचतांना आमच्याकडील ओढे डोळ्यांपुढें आले. महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानांत नाल्यांचें खोलीकरण व रुंदीकरण हा एक मोठा भाग होता. विहिरीला पाणी आलें तर शेतकऱ्याचें घर तरतें. नळाचें पाणी पिणाऱ्या आमच्यासारख्यांनीं त्याकडे पाहून नाक मुरडणें शोभणार नाहीं. परंतु जेथें यंत्रानें तळ खरवडला, वळणें कापलीं आणि कांठ उघडे पडले, तेथें ह्या पट्टीनें किती गुण पडतील? पाणी किती अडलें, हा हिशेब आपण मागतों. खळखळत्या जागा किती गेल्या, हा मागत नाहीं.

अर्थात् परकी पट्टी जशीच्या तशी आम्हांला चालणार नाहीं. श्रावणांत अंगावर येणारा दख्खनचा ओढा वैशाखांत कोरडा पडतो. पात्र पाण्यानें किती भरलें आहे, ह्याचे गुण त्याला कोणत्या महिन्यांत द्यावेत? पण आपल्याच प्रदेशांतला कमींत कमी बिघडलेला ओढा प्रमाण धरावा व इतर त्याशीं ताडावेत, हें त्या पुस्तिकेचेंच तत्त्व आहे. असे ओढे सह्याद्रीच्या माथ्यावर, एखाद्या देवराईच्या सावलींत, अजून सांपडतील. ते आधीं मोजून ठेवले पाहिजेत. मार्गशीर्षांत पाणी निवळतें. तेव्हां एक मोजपट्टी आणि दोन माणसें एवढ्यावर हें काम सुरू करतां येईल.