हॉलमधला खांब

मांजरं पाळणाऱ्या एकट्या बायकांची मला कीव येते, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. कीव हा सभ्य शब्द झाला. मला त्यांची भीती वाटायची.

आमच्या कचेरीत एक ज्येष्ठ सहकारी होत्या. लग्न केलेलं नव्हतं, घरी दोन मांजरं. डब्यातला बांगड्याचा तुकडा त्या न खाता कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवायच्या. साडीच्या निऱ्यांना पांढरे केस चिकटलेले असायचे. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना 'वाघाची मावशी' म्हणायचो, आणि हे नाव मी ठेवलं होतं. त्यांच्या निरोप समारंभाच्या आधी भेटवस्तू काय द्यायची यावर चर्चा चालली होती, तेव्हा मी म्हणाले, "किलोभर सुकट द्या, घरचे खूश होतील." सगळे हसले. त्या दारातच उभ्या होत्या. त्याही हसल्या. मला तेव्हा काही वाटलं नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

पुढे माझे यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला स्थिरावला, आणि डोंबिवलीच्या वन-बीएचकेत मी एकटी उरले. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतून मी एक सोफा घेतला. त्याआधी आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा दिवाण होता. त्यावर कोणती चादर घालायची, एवढंच काय ते माझ्या हातात असे. सोफा मात्र मी कोणालाही न विचारता घेतला. मोरपंखी रंगाचा, जाड विणीच्या कापडाचा. मांजराच्या नखाला याहून गोड कापड नसतं, हे तेव्हा ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

ठमी माझ्याकडे आली ती शेजारच्या बिऱ्हाडामुळे. त्यांची बदली झाली, सामान ट्रकमध्ये चढलं, आणि "दोन-चार दिवस सांभाळाल का" म्हणून मांजर माझ्या दारात. नंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. मी तिला ठेवून घेतली, पण मनातून ती कायम दुसऱ्याची होती. दुसऱ्याची असली की मला 'मांजरवाली' व्हावं लागत नव्हतं.

महिन्याभरातच सोफ्याच्या दाराकडच्या हाताचे धागे बाहेर आले. मी कपड्यांना इस्त्री करताना वापरायची ती फवाऱ्याची बाटली हाताशी ठेवायला लागले. ठमीने पुढचे पाय सोफ्याला लावले रे लावले की तोंडावर फवारा. हा उपाय लागू पडला असं मला वाटलं, कारण माझ्यासमोर ओरबाडणं जरा कमी झालं. धागे मात्र रात्रीतून बाहेर येत राहिले. तिला सोफ्याची भीती बसली नव्हती, माझी बसली होती.

मुलाने फोनवर सांगितलं, "आई, कॅट ट्री घे. सोफा वाचेल." फोटोही पाठवले. खांब, वर फळ्या, एक झोपायची टोपली, लोंबकळणारा चेंडू. किमती दोन हजारांपासून पुढे कितीही. मी म्हटलं, मांजराला फर्निचर? गावी आमच्या घरी चार-चार मांजरं असायची, कोणी कधी त्यांना पाट तरी मांडला होता का? हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलं. ऐकवताना मला स्वतःच्या साधेपणाचा अभिमान वाटायचा.

शेवटी त्याच्या आग्रहाखातर एक घेतला. मिळाला त्यातला सर्वांत स्वस्त, माझ्या गुडघ्याएवढा खांब, तळाला पातळशी फळी. तो मी बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे ठेवला. ठमीने एकदा पंजा लावला, खांब डगमगला, आणि ती जी निघून आली ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. मी तत्काळ मुलाला कळवलं, "बघ, म्हटलं होतं ना." त्या दिवशी मला झालेला आनंद आठवला की आजही कानकोंडं व्हायला होतं. तो खांब मी तिच्यासाठी आणलाच नव्हता. तो नापास व्हावा म्हणून आणला होता.

न्यू जर्सीत राहणारी माझी भाचेसून एकदा बोलता बोलता म्हणाली की तिकडे लोक मांजरीची नखंच काढून टाकतात, सोफ्याचा प्रश्नच मिटतो. ते माझ्या डोक्यात राहिलं. रेबीजच्या लशीसाठी ठमीला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी सहज विचारलं, "नखं काढायला किती खर्च येतो?"

डॉक्टर म्हणजे माझ्या मुलाहून लहान मुलगी. तिने विचारलं, "कापायची की काढायची?"

"काढायची. कायमची."

तिने पेन खाली ठेवलं. "काकू, हात द्या जरा." मी दिला. माझी तर्जनी तिने हातात घेतली आणि शेवटच्या सांध्यावर अंगठा दाबला. "इथून. पुढच्या दोन पायांची मिळून दहा बोटं, दहाही इथून. मांजरीचं नख आपल्यासारखं वरून बसवलेलं नसतं. ते बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं, त्यामुळे नख काढायचं म्हणजे ते हाड कापायचं. मी हे करत नाही." मग अगदी सहज माहिती द्यावी तसं तिने सांगितलं की ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत याला बंदी आहे, आणि अमेरिकेत राज्य म्हणून पहिली बंदी न्यूयॉर्कने २०१९ मध्ये घातली.

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले असते, मला काय माहीत. ते खरंही होतं. पण माहीत नसणं वेगळं आणि मी ज्या आवाजात विचारलं तो आवाज वेगळा. खिडकीला जाळी बसवायचा दर विचारावा, तसा मी तो प्रश्न विचारला होता. मी जन्मभर टायपिंग केलं. याच पेरांच्या जोरावर घर चालवलं, मुलाचं शिक्षण केलं. आणि त्याच हाताने टोपलीचं झाकण धरून मी दुसऱ्याच्या पेरांचा भाव विचारत होते.

डॉक्टरांनी ठमीला लस टोचली. मग विचारलं, "ती ओरबाडते नेमकी कुठे? आणि कधी?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण गुन्ह्याच्या नोंदी मी मनात चोख ठेवल्या होत्या. सोफ्याचा दाराकडचा हात. सकाळी झोपून उठली की. आणि मी बाहेरून आले की हमखास.

"तुम्ही घरात शिरल्यावर? तुमच्या देखत?"

"तोंडावर! बाहेर गेले म्हणून सूड उगवते."

ती हसली. "सूड नाही हो. खूश होते ती."

घरी येताना रिक्षात मांडीवर टोपली होती आणि डोक्यात हे वाक्य. तिने पुढे बरंच समजावून सांगितलं होतं. नखावरचा जुना थर सुटून यावा म्हणून मांजर ओरबाडते. सोफ्याखाली झाडताना मला जी पोकळ, वाकडी टरफलं सापडायची ती मोडलेली नखं नव्हती, गळालेले थर होते. झोपेतून उठल्यावर पाठ आणि खांदे ताणायला तिला घट्ट पकड लागते. पंज्याच्या गाद्यांमध्ये गंधाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे ओरबाडलेल्या जागी तिचा वास राहतो आणि ती पुन्हा पुन्हा तिथेच येते. आणि आपलं माणूस घरी आलं की आलेला हुरूपही ती असाच बाहेर काढते. यातलं सगळं मला पटत होतं, शेवटचं सोडून. शेवटचं पटवून घ्यायचं तर रोजची संध्याकाळ पुन्हा पाहावी लागत होती.

मी कुलूप उघडायची. ठमी आतून धावत यायची, सोफ्याच्या हाताला पुढचे पाय लावून कणा लांबच लांब ताणायची, खर्र खर्र आवाज करायची आणि मान वळवून माझ्याकडे बघायची. मी पर्स खाली ठेवण्याआधी बाटली उचलायची. रोज. मी घरी आल्याचा ज्या एका जिवाला आनंद होत होता, त्याच्या तोंडावर मी रोज पाणी मारत होते.

यात सूड मी कुठून आणला? हे मी स्वतःला बरेच दिवस विचारत राहिले. उत्तर फारसं शोभेचं नाही. राग आला की मी बोलायची नाही, भांडी आपटायची. यजमानांच्या आवडीची आमटी मुद्दाम अळणी करायची. समोरच्याला कळलं पाहिजे, पण बोट दाखवता येता कामा नये, ही माझी रीत. ठमीच्या अंगी मी माझाच स्वभाव चिकटवला होता आणि शिक्षाही त्यालाच देत होते.

गावच्या मांजरींचंही मग आठवलं. राजापूरच्या आमच्या घरामागे एक फणस होता. त्याच्या बुंध्यावर, माझ्या तेव्हाच्या कमरेएवढ्या उंचीवर, साल पार सोलून निघालेली होती. तो कोणी सोलला हे आम्हा पोरांना ठाऊक होतं. मोठ्यांना त्याची फिकीर नव्हती. पडवीचे लाकडी खांबही तसेच. घरात बिघडवण्यासारखं होतं तरी काय? एक बाकडं, चटया, आणि आजोबांची आरामखुर्ची, जिच्या वाटेला कोणीच जात नसे. आमच्या गावच्या मांजरी काही फार गुणी नव्हत्या. त्यांच्याकडे फणस होता.

म्हणजे पाट मांडला होता की. आम्ही मांडला नव्हता, एवढंच.

एवढं उमगूनही कॅट ट्री घ्यायचा निर्णय व्हायला वेळ लागला, आणि या मनोगतातली सर्वांत अवघड गोष्ट तीच आहे. पैशाचं कारण टिकत नव्हतं. एकदाच नेसलेल्या साड्यांनी माझं कपाट भरलंय. जागा नाही म्हणावं तर खिडकीपाशी रिकामा कोपरा होता. अडत होतं ते डॉक्टरांनी सांगितलेल्या एका अटीपाशी. खांब बाल्कनीत लपवून चालणार नाही. तो सोफ्याला लागून हवा, ती आत्ता ओरबाडते तिथेच, आणि घरातली माणसं बसतात त्या खोलीत. मांजराला आपली खूण आडोशाला करायची नसते.

म्हणजे हॉलमध्ये. म्हणजे भिशीच्या बायका बसतात तिथे. येणारा प्रत्येक जण दारातून पहिल्यांदा तीच वस्तू बघणार, आणि मग माझ्याकडे बघणार. विधवा बाई, मुलगा लांब, मांजरीला झाड आणलंय. त्या नजरेत काय असेल हे मला कोणी सांगायला नको होतं. ती नजर मी दुसरीवर वापरलेली होती. इतके महिने मी सोफ्याच्या नावाखाली कोणाची राखण करत होते, ते तिथे उघडं पडलं. सोफा फाटला तरी चालणार होतं. 'वाघाची मावशी' हे नाव माझ्या दारावर लागता कामा नये, एवढंच मला पाहायचं होतं.

घेतला. या खेपेला नीट बघून. केसाळ कापडाने मढवलेले, दिसायला गोंडस, पण बारीक खांबांचे नमुने सोडून दिले. मांजर पूर्ण ताणून उभी राहिली तरी पुरेल असा तीन फुटांहून उंच खांब, धक्का दिला तरी न हलणारं जड बूड, आणि वरपासून खालपर्यंत घट्ट गुंडाळलेला सिसलचा दोर. सिसल म्हणजे घायपाताच्याच कुळातला. देशावर शेताच्या बांधाला घायपात असतं आणि त्याचा वाख काढून दोर वळतात, तसलाच हा खरखरीत धागा. सोफ्याच्या फाटक्या हाताला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, कारण मांजरांना पंजाला चिकट लागलेलं खपत नाही. त्याला खेटून खांब. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापायलाही शिकले, आतला गुलाबी भाग सांभाळून. पहिल्या वेळी माझेच हात जास्त थरथरत होते.

ठमीने दोन दिवस खांबाचा वास घेतला. तिसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन आले तेव्हा ती धावत आली, सोफ्यापाशी अडखळली, टेपेवर पंजा ठेवून झटकला आणि खांबाला भिडली. मी पिशवीसकट दारात उभी. बाटली इस्त्रीच्या टेबलावर परत गेली आहे.

सोफा मात्र वाचला नाही. पाठीमागच्या बाजूला ती अधूनमधून नखं लावतेच, आणि दाराकडचा हात आता शिवण्यापलीकडे गेलाय. सोफेवाला म्हणाला, नवं कापड मखमलीसारखं दाट, वीण न दिसणारं घ्या, नख अडकत नाही. दिवाळीनंतर बघू. मोरपंखी रंग मिळत नाहीये, त्याचं मला वाईट वाटतं, आणि तेवढं वाटून घेण्याचा हक्क मी सोडलेला नाही.

गेल्या महिन्यात भिशी माझ्याकडे होती. सकाळी खांबावर जुनी चादर टाकली, तोरणाची दोन फुलंही खोवली. मग ठमी चादरीखालून डोकं बाहेर काढून बसली आणि तो प्रकार इतका भयंकर दिसायला लागला की मी चादर ओढून काढली. बायका आल्या. एकीने विचारलं, हे पाठ शेकायचं यंत्र आहे का. दुसरी म्हणाली, "अगं बाई, मांजरीला?" मी हो म्हटलं. एक क्षण कोणी काही बोललं नाही, मग पोहे आले आणि विषय सुनांकडे वळला. जाता जाता कोणीतरी विचारलंच, "केवढ्याला पडला गं?"

मी निम्मी किंमत सांगितली. खरा आकडा मुलालाही सांगितलेला नाही, आणि इथेही सांगणार नाहीये.