बारशाच्या आधी

प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर प्रश्न एकच असतो: पेढे की बर्फी? आया बाहेर येते, उत्तर सांगते, बक्षिसी घेते. पण कधीतरी आतली सिस्टर बाळाला पुसता पुसता थबकते, डॉक्टरांकडे बघते आणि बाहेर कुणीच जात नाही. अशा वेळी बालरोगतज्ज्ञाला, म्हणजे मला, बोलावणं येतं. मी पोहोचते तोवर डॉक्टरांचे चेहरे नातेवाइकांनी वाचलेले असतात.

बाहेरून पाहून मुलगा की मुलगी हे सांगता न येणाऱ्या अशा बाळांमध्ये नेहमी भेटणारं एक कारण म्हणजे सीएएच, म्हणजेच कंजेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेजिया. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींत एक विकर कमी पडतं. मग कॉर्टिसोल पुरेसं बनत नाही आणि पुरुषी संप्रेरकं मात्र वाढतात. मुलगी असते, गर्भाशय जागेवर असतं, पण बाहेरून पाहणाऱ्याला शंका येते. यातल्या बऱ्याच बाळांच्या शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं आणि साधारण दुसऱ्या आठवड्यात बाळ कोसळतं. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे घरात नावाची खलबतं चाललेली असतात नेमकी तेव्हाच बाळाचं सोडियम घसरत असतं. मुलग्यांचं तर आणखी वाईट. त्यांच्यात बाहेरून सहसा काहीच वेगळं दिसत नाही, त्यामुळे उलट्या-जुलाबाची केस म्हणून ते हातचे जाऊ शकतात.

एक बाळ माझ्याकडे असंच मलूल होऊन आलं. दूध ओढत नव्हतं, टाळू खोल गेली होती. डिस्चार्ज कार्डावर 'लिंग' या रकान्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं, आणि ते आईने अंगठ्याने पुसून पुसून काळं केलेलं. खाली सल्ला लिहिला होता: 'पेडिॲट्रिक सर्जनचं ओपिनियन घ्यावे'. सोडियमचा उल्लेख कुठेच नव्हता. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन सुरू केल्यावर दोन दिवसांत पोरगी रडायला लागली, आणि त्या रडण्याने वॉर्डातल्या सगळ्यांना बरं वाटलं. पुढे तिची आजी दोन चमच्यांमध्ये गोळी चुरून कागदाच्या पुड्या बांधायला शिकली. ताप आला की डोस वाढवायचा, हेही तिने पाठ केलं. वडील मात्र दर खेपेला एकच विचारायचे: ऑपरेशन कधी?

तो प्रश्न त्यांचा नव्हता. तो त्यांना पहिल्याच दिवशी कुणीतरी हातात दिला होता. माझा आक्षेप आहे तो इथे. आम्ही डॉक्टर म्हणतो, 'निर्णय आईवडिलांचा.' 2013 साली प्रसिद्ध झालेला झुरिचचा एक अभ्यास मला म्हणूनच विसरता येत नाही. वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाच्या 89 विद्यार्थ्यांना सांगितलं, समजा असं बाळ तुमचं आहे. काहींना एका तज्ज्ञाची चित्रफीत दाखवली. तो सारं आजाराच्या आणि उपचाराच्या भाषेत बोलत होता. बाकीच्यांना दुसऱ्या तज्ज्ञाची दाखवली. तो मुलाच्या आणि कुटुंबाच्या आयुष्याबद्दल बोलत होता. पहिल्या गटातल्या 66 टक्क्यांनी लवकर शस्त्रक्रिया निवडली, दुसऱ्या गटातल्या 23 टक्क्यांनी. आणि विचारल्यावर दोन्हीकडचे म्हणाले, निर्णयात आमचं स्वतःचं मतच महत्त्वाचं ठरलं. ही भावी डॉक्टर मंडळी. बाळंतिणीच्या खाटेशेजारी रात्रभर जागलेल्या बापाचं काय होत असेल?

घाईचं हे वळण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून आलं. 1950च्या दशकात जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की लहानपणी घडवाल तसं मूल घडतं. म्हणून लवकर ठरवा, शस्त्रक्रिया करा आणि शंका मनात ठेवू नका. सुंतेच्या वेळी इजा झालेल्या डेव्हिड रायमरला मुलगी म्हणून वाढवण्याचा त्यांचा प्रयोग यशस्वी म्हणून वर्षानुवर्षं गाजला. डेव्हिड जन्मतः पूर्णपणे मुलगा होता, तरी अशा बाळांबाबतच्या उपचारांना त्याचाच आधार दिला जाई. तो किशोरवयातच मुलगा म्हणून जगायला लागला होता, हे वैद्यकीय जगाला नीट कळलं 1997 साली. 2004मध्ये त्याने आत्महत्या केली.

माझे एक सर्जन मित्र यावर चिडतात. 'मॅडम, तुम्ही पुस्तकातलं बोलता. उद्या ही पोरगी वसतिगृहात जाईल, चारचौघींत आंघोळ करेल. तेव्हा तुम्ही असणार आहात का तिथे?' हा माणूस निर्दय नाही, आणि प्रश्नही खोटा नाही. लघवीचा मार्ग अडला असेल तर सुरी लागतेच. काही प्रकारांत आतल्या लैंगिक ग्रंथींमध्ये गाठीचा धोका असतो, तिथेही टाळून चालत नाही. पण नुसतं दिसणं सुधारण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत गेलेली संवेदना परत येत नाही, आणि ज्याची गेली त्याला कुणी विचारलेलं नसतं. सर्जनची फाइल मूल मोठं होण्याआधीच मिटते, तिशीतली बाई त्यांच्या ओपीडीत येत नाही. शिवाय वसतिगृहाच्या आधी एक जागा येते, आमचाच वॉर्ड. 'इंटरेस्टिंग केस आहे, बघून घ्या,' असं म्हणत सहावीतल्या मुलीची सलवार उतरवून भोवती विद्यार्थी उभे करणारे आम्हीच. वसतिगृहात कुणी पाहिलं तर काय, याची काळजी करणाऱ्यांनी आधी वॉर्डातला पडदा ओढावा.

एप्रिल 2019मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अर्भकांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं. खटला खरं तर एका लग्नाच्या नोंदणीचा होता, न्यायमूर्ती स्वामिनाथन यांनी जाता जाता या मुलांचाही विचार केला. त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने आदेश काढला आणि जिवावर बेतलं असेल तर सूट ठेवली. कायद्याने सुरी थांबते. डॉक्टरचा पडलेला चेहरा कोणत्या आदेशाने सावरायचा?

म्हणून तालुक्याच्या गावी बाळंतपणं करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. शंका आली तर अंदाजाने मुलगा किंवा मुलगी सांगून मोकळे होऊ नका. आईला आधी सांगा की बाळ तुमचंच आहे, ते दूध पिऊ दे, काही तपासण्या करून आपण नीट सांगू. सोडियम, पोटॅशियम, साखर बघा, तीन दिवसांनी सीएएच शोधण्यासाठी 17-ओएचपी या संप्रेरकाचा नमुना पाठवा आणि उलटी झाली तर त्याच रात्री घेऊन या, असं बजावून सांगा. जन्माच्या नोंदीला 21 दिवस असतात, नाव तर त्यानंतरही घालता येतं. बारसं पुढे ढकला म्हणावं. सोडियमचा रिपोर्ट मात्र बाराव्याच्या आत हातात हवा.