आतली बाजू

लहान मुलाचा कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करून बघते. सवय आईची. दुकानात इतर बायका झालर आणि रंग पाहायच्या. आई फ्रॉकच्या आत बोट घालून मुंढ्याची शिवण चाचपायची. बोचली तर कपडा परत गादीवर. मुलाच्या कपड्याची खरी बाजू आतली, हे मी तिच्याकडून घेतलं आणि आजही तसंच मानते.

आम्ही नागपूरचे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की दारांना वाळ्याच्या ताट्या लागत, आणि मुलांच्या मानेवर, काखेत घामोळ्या उठत. त्या दिवसांसाठी आई बिनबाह्यांचे फ्रॉक शिवायची. कापड बहुतेक तिच्याच विरलेल्या वॉयलच्या साडीचं, नाहीतर इतवारीतून आणलेलं मलमल. जमशेदजी टाटांनी आमच्याच गावात 1877 साली सुरू केलेली एम्प्रेस मिल तेव्हा चालू होती. आज त्या जागी मॉल आहे. नवं कापड आई रात्रभर पाण्यात ठेवायची. खळ निघून जाते आणि आटायचं तेवढं बेतण्याआधीच आटतं.

बेतणं मी तिच्याजवळ बसून शिकले. दोन वर्षांच्या मुलीची छाती साधारण वीस इंच. त्यात चार इंच सैल धरायचे, म्हणजे वारा खेळतो. मीटरभर कापडात फ्रॉक होतो. गळ्याला आणि मुंढ्यांना उरेब पट्टी लावायची, कारण तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं, गोलाईवर चुणी पडत नाही. बाजूची शिवण दोनदा घालायची: आधी सुलटीकडून बारीक टीप, मग कपडा उलटून दुसरी. कापडाची कड दोन टिपांच्या मध्ये बंद होते, एकही दोरा अंगाला लागत नाही. तान्ह्या बाळाला तर आमच्याकडे झबलं उलटंच घालत. शिवण बाहेर, मऊ बाजू अंगाला. बघणाऱ्याला काय दिसेल, हा विचारच त्यात नाही. मला ती रीत फार मोठी वाटते.

माझ्या मुलीच्या वेळी भेट आलेले फ्रॉक बहुतेक पॉलिएस्टरचे, जाळीच्या घेराचे, कमरेला घट्ट इलॅस्टिक. समारंभातून घरी आलो की तिच्या कमरेवर लाल वळ असायचा. ती रडायची, आणि मोठी माणसं म्हणायची, किती गोड दिसत होती! सुती धागा हवेतून स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम जायचा कुठे? बोलता न येणाऱ्या जिवाला आपण आपल्या हौसेसाठी असं कोंडावं, याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

तिचे रोजचे फ्रॉक मीच शिवले. वाढत्या अंगाचे म्हणून खाली चार बोटं दुमड ठेवायची. पुढच्या उन्हाळ्यात ती उसवली की उन्हाने विटलेल्या कापडाखाली मूळच्या गडद रंगाचा पट्टा दिसायचा. मुलगी किती वाढली ते त्या पट्ट्यावरून कळायचं. शेजारणी म्हणत, वरून लेस लावून झाक. मी कधी झाकला नाही.

आता नात पाच वर्षांची आहे. तिला झालर नको, बो नको; खिसा हवा, आणि तोही चिंचोके मावतील एवढा. मलमल एकेरी असेल तर त्या वजनाने फाटतं. म्हणून खिशाच्या जागी आतून जुन्या धोतराचा तुकडा लावते आणि तोंडाशी दोन्ही बाजूंना उलटसुलट टिपा मारते. परवा तिने त्यात ओली माती भरून आणली. खिसा टिकला. पुढच्या फ्रॉकला तिने दोन सांगितले आहेत.