बर्फाचं पीक

यंदा फेब्रुवारीत लेकीबरोबर दोन दिवस गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेलो होतो. रात्रीच ताजा बर्फ पडला होता. कोरडा, पिठीसारखा भुसभुशीत. वरचे उतार मात्र बंद होते. जुन्या थरावरचा नवा बर्फ घसरतो. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू दगावला. तरीही आमचा शिकवणारा तरुण खुशीत होता. २१ डिसेंबरपासूनच्या कडक थंडीच्या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक ‘चिल्लई कलान’ म्हणतात. त्या दिवसांतला बर्फ टिकतो, उन्हाळ्यात झऱ्यांना पाणी देतो. २०२५ मध्ये बर्फाअभावी इथल्या हिवाळी स्पर्धाही पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. ‘‘बर्फ म्हणजे आमचं पीक,’’ तो म्हणाला. मिरग कोरडा गेला की आपल्याकडच्या शेतकऱ्याची काय गत होते, हे लेकीला वेगळं सांगावं लागलं नाही.