काचेचं कॅबिनेट नको

नवेगाव बांध,
२१ सप्टेंबर

चि. बाबू,

तुझी यादी मोबाइलवर आली, दोनदा वाचली. उत्तर टाइप करायला बसलो तर अंगठा भरून आला, म्हणून कागद घेतला. काकू याचा फोटो काढून तुला धाडणार आहे. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यावर माझं काही म्हणणं नाही. रायझन ५ ५६००जी आणि आरटीएक्स ३०६०, तुझ्या व्हिडिओ एडिटिंगला पुरून उरेल. माझं भांडण शेवटच्या दोन ओळींशी आहे. कॅबिनेट : समोर काच, बाजूला काच, रंगीत दिव्यांचे चार पंखे, सहा हजार. आणि त्याखाली एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा, त्याच्यापुढे ‘दुकानदार देईल तो’. मांडवावर सगळा पैसा घालवायचा आणि आचाऱ्याचं विचारलं की ‘बघू कोणीतरी’ म्हणायचं, तसं हे झालं.

मी हेच केलं होतं. माझ्या पहिल्या असेंबल्ड मशीनला सहाशे रुपयांचा एसएमपीएस होता, स्टिकरवर ४५० वॉट. मृगाचं पहिलं वादळ आलं. लाइन गेली, आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मागून फट्ट झालं. सहाशे रुपयांचं काही नाही, पण तो जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क सोबत घेऊन गेला. तुझ्या आत्याच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर होते. आजीला वाटतं, ते नागपूरला दुरुस्तीला दिलेत. तूही तेच सांग.

नंतर तो डबा मी उघडून पाहिला. (तू उघडू नकोस. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.) पट्टीवर विजेचा गोंधळ गाळणाऱ्या कॉइलची जागा छापलेली होती, गोल चक्रासकट. त्या जागी कॉइल नव्हती, वायरचा एक तुकडा डाग मारून बसवलेला होता. ट्रान्सफॉर्मर चुन्याच्या डबीएवढा. तेव्हापासून एसएमपीएस हातात आला की मी आधी त्याचं वजन पाहतो. वजन ही काही पक्की खूण नव्हे, पण हलका लागला की स्टिकर नीट वाचायची बुद्धी होते.

स्टिकरवर मोठ्या अक्षरातला आकडा सोडून दे, १२ व्होल्टच्या खालचे अँपिअर बघ. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड खातात ते तिथूनच. पेंटियम ४ आला तेव्हा, २००० साली, प्रोसेसरसाठी वेगळी १२ व्होल्टची चार पिनांची वायर आली. त्याआधीची मशीनं जास्त करून ५ व्होल्टवर चालायची. स्वस्तातले डबे अजून त्याच जमान्यात आहेत. १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर म्हणजे १९२ वॉट, वर लिहिलेलं असेना का ४५०. तलावात पाणी किती हे ऐकून आपलं बांधीतलं धान पिकत नाही, पाटातून किती येतं ते पाहावं लागतं.

तुझा हिशेब करून ठेवलाय. प्रोसेसर जोरात असताना ८८ वॉट, कार्ड १७०, बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून साठ धर. सव्वातीनशेच्या आत. कार्डवाले ५५० वॉटचा सांगतात, तोच घे, १२ व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास असलेला, ८० प्लस ब्राँझ. साडेसातशेचा नको, फुशारकीशिवाय त्यात काही नाही.

ब्राँझ विजेच्या बिलासाठी नाही, आपल्या उन्हाळ्यासाठी. मशीनला ३०० वॉट द्यायचे तर ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस ५३ वॉट उष्णता सोडतो, ७० टक्क्यांचा १२९. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना वरच्या खोलीत तो फरक तुझ्या पाठीला कळेल.

दिवा नुसता लुकलुकला तर चांगला एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर धरून ठेवतो. यूपीएसला बॅटरीवर यायला तेवढी सवड पुरते. पण ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॉट. त्यावर मॉनिटर जोडलास की काठाबाहेर गेलास. हजार-अकराशे व्हीएचा घे. पैसे? काचेतून निघतील.

आता ती काच. पुण्यात सोसायटीच्या फ्लॅटमध्ये चालली असती. इथे समोरची काच म्हणजे पंख्याच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं आहे, हवा फटींतून ओढावी लागते. त्यात तुझे रंगीत दिवे! सध्या धान निसवतंय. संध्याकाळी खिडकी उघडी राहिली की ट्यूबलाइटखाली तुडतुड्यांचा थर साचतो, काकू झाडूने गोळा करते. त्यांच्यामागे पाली येतात. मागच्या वर्षी एका दुकानातलं मशीन बंद पडलं म्हणून मला बोलावलं. कार्ड काढून टाकलेल्या जागेची पत्र्याची पट्टी कोणी परत लावली नव्हती. तेवढ्या बोटभर फटीतून पाल आत गेली होती आणि एसएमपीएसच्या जाळीत पुढचे पाय अडकून वाळली होती.

तेव्हा समोर बारीक जाळी आणि काढून धुता येईल असं फिल्टर असलेलं साधं काळं कॅबिनेट बघ. पत्रा दाबून पाहा, वाकला तर पुढे सरक. समोर १२० मिलिमीटरचे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही, आणि राइस मिलचा कोंडा किती बारीक असतो ते तू लहानपणी डोळे चोळत पाहिलंयस. एसएमपीएस खाली बसणारा असेल तर कॅबिनेट फरशीवर नको. माझं जुनं लाकडी स्टूल रंधा मारून ठेवलंय.

एक गोष्ट यादीत नाही आणि दुकानात मिळतही नाही. मागच्या दिवाळीला तू जुन्या मशीनच्या पत्र्याला हात लावलास आणि ‘काका, मुंग्या येतात’ म्हणालास. मी हसण्यावारी नेलं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येते, ती अर्थिंगने जमिनीत जायची असते. अर्थिंग नसलं की पत्र्यावर शंभराच्या वर व्होल्ट तरंगत राहतात. करंट नगण्य, पण टेस्टर लावला की पेटतो. म्हणजे महागातला एसएमपीएस आणला तरी आपल्या घरात तो हेच करणार. दोष त्याचा नाही. आजोबांनी घातलेली अर्थिंगची पाइप विहिरीच्या मागे गंजून अर्धी राहिली आहे. परवा खणून पाहिली.

नवीन पाइप, कोळसा, मीठ आणून ठेवलंय. वायरमन पितृपक्षात खड्डा खणायला तयार नाही, म्हणतो घट बसल्यावर बघू. तू देवलगावला उतरशील तोवर झालं असेल. नसेल झालं तर खोकं उघडायचं नाही, आणि दोन पिनचा कन्व्हर्टर पिशवीत लपवून आणायचा नाही. तुझ्या बापाचीही तीच खोड होती.

आजी विचारते, फोटो कधी येणार.

तुझा,
काका